पट्ट्यात मागून उतरलेला

ज्याला पटणार नाही त्याने इथेच सोडून द्यावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. हाल्वरमामा खोटं बोलत नाही. मुळात तो बोलतच नाही, तर खोटं कुठून बोलणार!

११ जानेवारी २००९. रविवार.

रात्र नव्हती. सकाळचे नऊ वाजायचे होते. धुकं होतं, पण उजेडही होता. हे मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच म्हणतात, अंधारात भास झाला असेल.

जागा म्हणजे नॉर्थ फोर्क नदीवरचा गिरणीचा पट्टा. समुद्रापासून अकरा मैल वर. लाकडाची गिरणी कधीच बंद पडली, नाव तेवढं राहिलंय. हिवाळ्यात स्टीलहेड मासा समुद्रातून चढून वर येतो आणि या लांबट, एकसारख्या वाहत्या पाण्यात विसाव्याला थांबतो. त्याला आमच्याकडे हजार फेकींचा मासा म्हणतात. हजारदा गळ फेका, एकदा चावेल. तोही त्याची मर्जी असेल तर.

मामाबरोबर त्या दिवशी त्याची मुलगी होती. सिग्रिड. आम्ही तिला सिगी म्हणतो.

चार वर्षांनी आली होती ती.

चार वर्षं बापलेकीत एक शब्द नव्हता. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. मर्नामामी हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती, सिगी एकटी तिचा हात धरून बसली होती, आणि मामा आलाच नाही. लोक म्हणाले, नदीवर होता. पाणी हिरवं, म्हणजे मासेमारीला नेमकं होतं ना त्या दिवशी! बायको मरतेय आणि हा मासे धरतोय.

मामाने कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तोंडाला कुलूप.

मग त्या जानेवारीत सिगीने स्वतःहून फोन केला. "पाणी कसं आहे?" एवढंच विचारलं.

"उतरतंय. रविवारपर्यंत हिरवं होईल," मामा म्हणाला.

"येते मग."

बस्स. आमच्या घराण्यात याहून लांब समेट होत नाही. पण मामाने त्या रात्री फ्रीज पुसला, तिची जुनी काठी माळ्यावरून काढली, रिळाला तेल घातलं. माझ्या आईला फोन करून विचारलं, "पोरगी अजून कॉफीत साखर घेते का गं?" आई फोन ठेवून रडली होती.

एकच दिवस मिळाला होता त्याला. त्या दिवसात जे काय बोलायचं ते बोलायचं होतं. नाहीतर पोरगी गेलीच हातची.

आता एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पट्ट्यात पहिला माणूस वरच्या टोकाला उतरतो. गळ फेकायचा, वाहू द्यायचा, दोन पावलं खाली सरकायचं. पुन्हा फेकायचा, पुन्हा दोन पावलं. दुसरा कुणी आला तर त्याने पहिल्याच्या मागून, वरच्या बाजूने उतरायचं. पुढे जाऊन खाली उतरणं म्हणजे उघड उघड चोरी. आणि मागे कुणी असलं की पुढच्याने रेंगाळायचं नाही. सरकत राहायचं.

आणि कुणाला मासा लागला की तो ओरडतो, "मासा लागलाऽऽ!" ऐकणाऱ्याने लगेच दोरी गुंडाळून काठावर यायचं. त्याला जागा द्यायची. का, कसा, विचारायचं नाही. ही हाक खोटी कुणी देत नाही. गावातल्या एका पठ्ठ्याने तरुणपणी गमतीत दिली होती. तो सत्तरीचा झाला तरी त्याच्याबरोबर बोटीत बसायला कुणी तयार नसायचं.

तर दोघं पायवाटेने खाली आले. काठावर पांढरं दंव पडलं होतं. छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवलेल्या. मामाने खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला.

"गळाला लावायच्या माशाच्या अंड्यांची बरणी गाडीतच राहिली."

"वय झालं तुझं," सिगी म्हणाली.

"वय नाही, गुडघा झालाय. आता पुन्हा वर चढा."

"मी जाते ना."

"नको, नको. तू उतर. पहिलं पाणी तुझं. तुझ्याकडे आहेत ना चार अंडी? सुरू कर. मी येतोच मागून."

पहिलं पाणी देणं म्हणजे आमच्यात मोठा मान. सिगीने त्याच्याकडे पाहिलं. आणि ती पाण्यात उतरली.

इथे मामा चुकला.

नोव्हेंबरच्या पुरात पट्ट्याचा तळ बदलला होता. पूर्वी पायाखालची जमीन पार खालच्या टोकाच्या वाकड्या झाडापर्यंत पुरायची. पुराने ती कापून काढली. आता त्याच्या बऱ्याच अलीकडे, पांढऱ्या धोंड्यापाशीच एकदम कडा होता, आणि कड्याखाली वाहून आलेल्या झाडांचा ढीग. तिथे गेलेला माणूस एप्रिलात पाणी उतरलं की मिळतो.

सिगी सहा वर्षांत तिथे आली नव्हती. तिला वाकडं झाडच ठाऊक होतं.

मामाला हे सांगायचं होतं. पण जीभ उचलेना. पहिल्याच वाक्यात सूचना कशाला, मागून येईन तेव्हा बोलता बोलता सांगू, असं त्याने ठरवलं. पट्टा लांब होता. धोंड्यापर्यंत जायला तिला तासभर तरी लागणार होता.

असं त्याला वाटलं.

तो वर चढला. गुडघा दर चार पावलांनी कुरकुरत होता. रस्त्यावर त्यांची एकच गाडी उभी होती. मागेपुढे दुसरं वाहन नाही. बरणी सीटखाली गडगडत गेली होती, ती शोधण्यात वेळ गेला. थर्मासही घेतला. आणि तो परत निघाला.

पायवाट उंच काठाच्या कडेकडेने जाते. निम्म्या वाटेवर झाडं विरळ होतात आणि खालचा सगळा पट्टा दिसतो.

तिथे मामा थांबला.

सिगी दिसली. कमरेइतक्या पाण्यात.

आणि तिच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर...

आणखी कुणीतरी उभं होतं.

पहिल्यांदा मामाला रागच आला. म्हणे, कोण हा शहाणा? जरा पाठ फिरवली की माझ्या जागी घुसला! पण रीत त्याने पाळली होती. मागून उतरला होता, अंतर ठेवलं होतं. बोलायला जागा नव्हती.

मग मामाने खाली पायवाटेकडे पाहिलं.

दंवात पावलांच्या तीनच रांगा. दोन खाली गेलेल्या. एक वर आलेली.

चौथी रांग नव्हती.

पलीकडच्या काठाला सरळ कातळ आहे, तिकडून माणूस उतरू शकत नाही.

सिगीने गळ फेकला. मागच्यानेही फेकला.

सिगीचं शिशाचं वजन पाण्यात पडलं, गोल तरंग उठला.

मागच्याचा... काहीच नाही उठला.

सिगी दोन पावलं सरकली. मागचा दोन पावलं सरकला. ती चालली की पाणी तिच्या कमरेला अडून मागे पांढरी रेघ ओढत होतं. त्याच्या भोवती पाणी अडतच नव्हतं. तिथे कुणी नसल्यासारखं सरळ वाहत होतं.



आणि मग त्याच्या लक्षात आलं, त्याला नदी ऐकू येत नाहीये.

जानेवारीतली नॉर्थ फोर्क! शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं तिथे. आणि आवाज नाही. पाण्याचा नाही, पाखरांचा नाही. त्याचा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

सिगी भराभर सरकत होती. गळ नीट वाहूही देत नव्हती. फेक... दोन पावलं. फेक... दोन पावलं. मागे कुणी असलं की करतात तसंच. तिला वाटत होतं, मागे बाप आहे. बाप म्हणाला होता ना, येतोच मागून!

पांढरा धोंडा तिच्यापासून फार तर चौदा पावलांवर होता.

"सिगीऽऽ!" मामाने बोंब ठोकली. "बाहेर ये! सिगे!"

तिने मान वळवली नाही.

"कडा आहे पुढे! थांब! अगं थांब ना!"

फेक. दोन पावलं.

मामा सांगतो, आपलाच आवाज तोंडापुढे फूटभर जाऊन पडतोय असं वाटत होतं.

मग त्याला दिसलं, तिचे खांदे हलतायत. तिने बाहीने नाक पुसलं. मान हलवली. कुणाचं तरी ऐकताना माणूस हलवतो तशी.

ती त्या मागच्याचं बोलणं ऐकत होती.

बारा पावलं.

मामा उतारावरून सरळ खाली निघाला. पायवाट सोडून. तिसऱ्या पावलाला गुडघा दगा देऊन गेला आणि तो आडवा घसरत एका ओंडक्याला जाऊन आपटला. बरणी फुटली. गुलाबी अंडी दंवावर पसरली. उठायला गेला, पाय उचलेना.

दहा.

तो हातांवर सरपटला. देवाचं नाव कधी न घेणारा माणूस, त्याने देवाला हाका मारल्या. मर्नाला हाका मारल्या. "मर्ना, हिला थांबव गं! माझ्यावर राग आहे ना तुझा? माझ्यावर काढ! हिला थांबव!"

आठ.

सिगी आता छातीइतक्या पाण्यात होती. काठी वर धरून चालत होती. तळ उतरतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बाप मागे होता. बाप असताना कसली भीती?

सहा.

 हाक पोचत नाही, पाय चालत नाही. आता ही बुडताना बघायची. हिच्या आईच्या वेळी जवळ नव्हतो, हिच्या वेळी आहे, आणि काय उपयोग माझ्या असण्याचा, असं त्याच्या मनात आलं. 

चार.

आणि त्याच्या तोंडून ओरड निघाली. त्याने ठरवली नाही. चाळीस वर्षांची सवय, ती निघाली.

"मासा लागलाऽऽऽ!"

सिगी थांबली.

डोकं चालायच्या आधी तिचे हात चालले. रीळ गरगर फिरलं, दोरी गुंडाळली गेली, आणि ती वळून तिरकी काठाकडे निघाली. छातीवरून पाणी कमरेवर आलं, कमरेवरून गुडघ्यावर.

ती काठावर आली.

मामाने डोळे मिटून घेतले. उघडले...

मागचा अजून पाण्यातच होता.

त्यानेही दोरी गुंडाळली होती. काठी सरळ उभी धरली होती. ज्याला मासा लागलाय त्याला जागा देताना धरतात तशी. आणि तोंड मामाकडे केलं होतं.

चेहरा दिसला नाही. धुकं होतं. मामा म्हणतो, बरं झालं.

तो वाट पाहत होता. मामाने मासा ओढायची. आणि मासा तर नव्हताच...

किती वेळ ते दोघं असे एकमेकांसमोर होते, मामाला सांगता येत नाही. मग अचानक नदीचा आवाज कानात घुसला, एकदम, भिंत कोसळावी तसा. पट्ट्यात कुणी नव्हतं.

सिगी धापा टाकत वर आली.

"कुठाय मासा? आणि तू पडलास कसा? बाबा, रक्त येतंय!"

"सुटला," मामा म्हणाला.

खोटं न बोलणारा माणूस. आयुष्यातलं पहिलं असेल.

तिने त्याला उठवलं. आणि उठवता उठवता गच्च मिठी मारली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मामाची विजार कोरडी ठणठणीत होती. तिच्या लक्षात आलं नाही.

गाडीत हीटर लावून दोघं बसले.  सिगीने कॉफी ओतली, त्याच्या हातात दिली, आणि म्हणाली,

"सांगितलंस ते फार बरं केलंस, बाबा."

मामाने कप दोन्ही हातांत धरला.

"मी मुद्दाम वळून बघितलं नाही. वळले असते तर तू पुन्हा गप्प झाला असतास. ओळखते मी तुला."

"...काय सांगितलं मी?"

"आता लाजू नकोस. गाडीचं."

मामाने कप डॅशबोर्डवर ठेवला.

"तू नदीवर नव्हतासच त्या दिवशी. हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत बसला होतास. सकाळपासून. सात वेळा दार उघडलंस आणि सात वेळा लावलंस. आईच्या खिडकीतला दिवा मालवला तेव्हा तू खालून बघत होतास." तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "मी चार वर्षं तुला शिव्या दिल्या, बाबा. आणि तू तिथेच होतास."

हे खरं होतं.

शब्द न् शब्द खरा होता. आणि मामाने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही. सात वेळा दार उघडलं हे तर त्याने स्वतःशीसुद्धा कधी मोजलं नव्हतं. तिने म्हटल्यावर त्याने मनात मोजलं.

सातच होती.

"आणखी काय म्हणालो?" त्याने कसंबसं विचारलं.

"म्हणालास, अजून थोडी खाली चल, मग उरलेलं सांगतो." सिगीने नाक पुसलं आणि हसली. "तेवढ्यात तुला मासा लागला. आता सांग ना. उरलेलं काय?"

मामाने गाडी सुरू केली.

पुढची तीन वर्षं मामाच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. सिगी दर रविवारी फोन करायची. नाताळला आली, टर्की तिने भाजला, करपवला, आम्ही हसत हसत खाल्ला. मामा तिच्याकडे बघत बसायचा आणि घास हातातच राहायचा. आम्हाला वाटायचं, आनंदाने.

पण दर खेपेला निघताना ती विचारायची. "उरलेलं काय होतं, बाबा?"

"आठवत नाही."

"तुला तिथेच सांगता येतं वाटतं. चल, जानेवारीत पुन्हा जाऊ गिरणीच्या पट्ट्यावर. मी पुढे, तू मागे. मी वळणार नाही, शपथ."

पहिल्या वर्षी मामाने गुडघ्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी पाणी गढूळ आहे म्हणाला. तिसऱ्या वर्षी ती न सांगता काठी घेऊन दारात उभी राहिली. "तू नाही आलास तर मी एकटी जाईन," म्हणाली.

मग मामाने सांगितलं. सगळं. दंवातल्या रांगा, न उठलेले तरंग, सगळं. मी स्वयंपाकघरात होते, मी हे कानांनी ऐकलंय.



"म्हणजे तू गाडीत नव्हतास?" सिगीने विचारलं.

"होतो. ते खरं आहे. गाडीत मीच होतो. पण तुला सांगणारा मी नव्हतो, सिगे."

"मग तुला सांगायचंच नव्हतं," सिगी म्हणाली.

"मी सांगणार होतो गं... त्याच दिवशी..."

"चार वर्षं तू सांगितलं नाहीस. त्यानंतर तीन वर्षं मी रोज आभार मानले तुझे, ते गिळलेस. आणि आता भुताची गोष्ट सांगतोस. आता पुन्हा गाडीत जाऊन बसलायस तू, बाबा. दार लावून."

तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि गेली. भुतावर तिचा विश्वास बसला नाही. निदान पट्ट्यावर तरी गेली नाही, तेवढंच मामाने मिळवलं. त्यानंतर तिचा फोन नाही. नंबरही बदललाय.

मी मामाला म्हटलं होतं, अरे, माफी पुन्हा माग, आता स्वतःच्या तोंडाने माग. पत्र लिही. तो म्हणाला, "काय लिहू? जे होतं ते त्याने सांगून टाकलं. माझ्याकडे काही ठेवलंच नाही."

तो कोण, आम्हाला आजही माहीत नाही. त्या पट्ट्यात बुडालेले कमी नाहीत, पण त्यांतल्या कुणाला मामाच्या गाडीचं दार ठाऊक असायचं कारण नाही. मी स्वतः त्या नदीवर मासे धरते. गिरणीच्या पट्ट्यात मात्र उतरत नाही. इतरत्रही कुणी मागून आलं की मी काठावर येते आणि त्याला पुढे जाऊ देते. हसतात लोक. हसू देत.

पण मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे नाही.

मामा हल्ली जानेवारीत पहाटे एकटाच बाहेर पडतो. काठी नेत नाही. गळ नेत नाही. एकदा मी दारात अडवलं, "कुठे चाललास?"

"पट्ट्यावर."

"कशाला?"

"उरलेलं ऐकायला," मामा म्हणाला. "माझ्या मनात आणखी काय होतं ते मलाच माहीत नाही. त्याला माहीत आहे. ते कळलं तर सिगीला सांगता येईल ना मला... माझ्या तोंडाने."

मी खूप भांडले. चाव्या लपवल्या. तो चालत जातो.

गेल्या वर्षी परत आला तेव्हा त्याचे बूट ओले होते.

या वर्षी तो छातीपर्यंत भिजून आला.